ऑफिसचा कॉम्प्युटर आणि हातातला मोबाईल: दोन्हीकडे चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी साधनं कशी निवडायची

समजा, तालुक्याच्या एका पतसंस्थेचं काम तुम्हाला मिळालं आहे. काउंटरवर विंडोजचा कॉम्प्युटर, बाहेर पिग्मी गोळा करणारे एजंट, त्यांच्या हातात मोबाईल आणि पिशवीत ब्लूटूथ प्रिंटर. पूर्वी याच कामाला कीपॅडवालं पिग्मी मशीन असायचं. सकाळी केबल लावून त्यात खाती भरायची, संध्याकाळी पुन्हा केबल लावून वसुली उतरवून घ्यायची. आता संस्थेला ते सगळं अँड्रॉइडवर हवंय आणि मॅनेजर म्हणतात, ‘दोन्हीकडे चालेल असं एकच काहीतरी करा.’ नवखा माणूस मग रात्री यूट्यूबवर ‘फ्लटर चांगलं की रिअ‍ॅक्ट नेटिव्ह’ शोधायला बसतो आणि पहाटेपर्यंत आणखी गोंधळतो.

मी अशीच छोटी कामं करतो: पतसंस्था, दूध संकलन, कोल्ड स्टोरेज. खाली पतसंस्थेचंच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे, कारण त्यात बहुतेक सगळ्या अडचणी एकत्र भेटतात. माझ्या मते साधन सगळ्यात शेवटी निवडावं. आधी समोरची यंत्रं, मग मराठी मजकूर, मग प्रिंटर. या तिघांच्या चाळणीतून जे उरेल, त्यातलं आपल्याला येणाऱ्या भाषेचं साधन घ्यायचं.

१. जागेवर जाऊन यंत्रांची यादी करा

फोनवर विचारू नका. फोनवर ‘आमच्याकडे सगळे नवीनच कॉम्प्युटर आहेत’ असं उत्तर येतं. प्रत्यक्षात काउंटरमागचा दुसरा कॉम्प्युटर ३२ बिटच्या विंडोज ७ चा निघतो, आणि पासबुक प्रिंटर नेमका त्यालाच जोडलेला असतो. वहीत एवढं लिहून आणा:

- प्रत्येक कॉम्प्युटरवर विंडोज कोणती, ३२ की ६४ बिट, रॅम किती.
- एजंटांच्या मोबाईलवर अँड्रॉइडची कोणती आवृत्ती आहे, किती जागा शिल्लक आहे.
- प्रिंटर कोणते: ५८ मिलिमीटरचा की ८० चा, ब्लूटूथ की यूएसबी, पासबुकासाठी डॉट मॅट्रिक्स आहे का.
- आयफोन कोणाकडे आहे: एजंटांकडे, की फक्त चेअरमनसाहेबांकडे.
- एजंट फिरतात तिथे दिवसभर रेंज असते का.
- जुना डेटा कशात आहे: फॉक्सप्रो, एक्सेल की आणखी काही, आणि मराठी नावं कोणत्या फॉन्टमध्ये आहेत.

या यादीतच अर्धी साधनं गळतात. (साधनांची ओळख तिसऱ्या पायरीत आहे.) फ्लटरचं विंडोज अ‍ॅप ६४ बिटच्या विंडोज १० किंवा ११ वरच चालतं. क्यूट ६ लाही विंडोज १० लागते. विंडोज ७ वर चालणारी क्यूटची शेवटची मालिका ५.१५. इलेक्ट्रॉनने २०२३ मध्ये आलेल्या २३ व्या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ सोडल्या, कारण त्याच्या पोटातल्या क्रोमियमनेच (क्रोम ब्राउझरचा गाभा) त्या सोडल्या. जुन्या ३२ बिट मशीनवर आजही सुखाने चालणारं म्हणाल तर लॅझरस आणि फ्री पास्कल, म्हणजे पास्कल भाषेची साधनं. दिसायला साधं, पण एक छोटी एक्झी फाइल टाकली की काम सुरू.

तरीही त्या एका कॉम्प्युटरसाठी सगळ्या कामाचं साधन बदलू नका. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने सर्वसाधारण ग्राहकांसाठी १४ जानेवारी २०२० ला थांबवले, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लोकांच्या ठेवींचा हिशोब अशा मशीनवर ठेवणं धोक्याचं आहे. नवा कॉम्प्युटर कोटेशनमध्येच धरा. संस्था कुरकुर करेल, पण तुमच्या मेहनतीच्या हिशोबाने तेच स्वस्त पडतं.

आयफोनचंही असंच. आयफोनचं अ‍ॅप बांधायला मॅक लागतो, आणि वर अ‍ॅपलची वार्षिक फी. एजंटांकडे आयफोन नसतील आणि चेअरमनसाहेबांना फक्त रोजची वसुली बघायची असेल, तर त्यांना ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान द्या. त्यासाठी वेगळं अ‍ॅप करत बसू नका.

२. नेमकं काय ‘एक’ हवं आहे ते ठरवा

काउंटरवरचा क्लार्क माउसला हात लावत नाही. एंटर दाबला की कर्सर पुढच्या रकान्यात गेला पाहिजे, एफ-२ ला नवीन खातं, एस्केपला मागे. डॉस आणि फॉक्सप्रोच्या काळापासून बोटांना बसलेली ही सवय आहे, ती तुमच्यासाठी कोणी मोडणार नाही. एजंट मात्र भाजीच्या गाडीपुढे उन्हात उभा असतो. एका हातात सुट्टे पैसे, दुसऱ्या हातात मोबाईल. त्याला खातं शोधायची जागा, रक्कम आणि ‘पावती’ असं मोठं बटण एवढंच पुरे.

या दोघांना एकच स्क्रीन दिली तर दोघंही वैतागतात. म्हणून ‘एकच कोड’ म्हणजे सगळीकडे एकच स्क्रीन असा अर्थ घेऊ नका. खाते क्रमांकाची तपासणी, व्याजाचा हिशोब, पावतीचा मजकूर, मोबाईल आणि ऑफिस यांच्यातली देवाणघेवाण, एवढं एकदाच लिहिलं जावं. स्क्रीन दोन करा. व्याजाचा हिशोब दोन भाषांत दोनदा लिहिला की कधीतरी दोन्हीकडे वेगळे पैसे दिसणार, आणि सभासद पासबुक घेऊन मॅनेजरच्या टेबलापुढे उभा राहणार.

एक पर्याय नवखे लोक विचारातच घेत नाहीत. ऑफिसात स्थानिक सर्व्हर आणि ब्राउझर, बाहेर फक्त अँड्रॉइडचं अ‍ॅप. यात दोन्हीकडे चालणाऱ्या साधनाची गरजच उरत नाही. हिशोब सर्व्हरवर, मोबाईलवर फक्त नोंद. ऑफिसात खास यंत्रं जोडलेली नसतील तर हाच रस्ता सगळ्यात सरळ. अडतं ते पासबुक छपाईशी. त्याबद्दल पुढे पाचव्या पायरीत.

३. साधनांची तोंडओळख, माझ्या मतांसकट

फ्लटर. गूगलचं साधन, भाषा डार्ट. डिसेंबर २०१८ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली, विंडोजसाठीचा पक्का आधार फेब्रुवारी २०२२ मध्ये, मॅक आणि लिनक्ससाठी त्याच वर्षी मे महिन्यात. बटणं, रकाने सगळं ते स्वतः रंगवतं, त्यामुळे मोबाईल आणि कॉम्प्युटरवर दिसणं सारखं राहतं. विंडोज आणि अँड्रॉइड एवढंच हवं असेल आणि कुठलीच भाषा पक्की येत नसेल, तर मी नवख्याला हेच सुचवतो. उणीव अशी की मूळ स्वभाव मोबाईलचा. एंटरने पुढच्या रकान्यात जाणं, राइट क्लिक, तक्त्यात बाणांनी फिरणं हे तुम्हाला बसून करून घ्यावं लागतं. तो वेळ कोटेशनमध्ये धरा.

रिअ‍ॅक्ट नेटिव्ह. २०१५ पासून आहे, जावास्क्रिप्ट येणाऱ्यांना जवळचं. मोबाईल मुख्य असेल तर उत्तम. विंडोज आणि मॅकसाठीची शाखा मायक्रोसॉफ्ट वेगळी चालवतं, आणि मोबाईलसाठीची कित्येक तयार पॅकेजेस त्या शाखेवर चालत नाहीत. ऑफिसचा कॉम्प्युटर तुमच्या कामाचा मोठा भाग असेल तर मी या वाटेला जात नाही.

इलेक्ट्रॉन आणि टाउरी. दोन्हींमध्ये स्क्रीन वेबच्या तंत्राने बनते. इलेक्ट्रॉन फक्त कॉम्प्युटरसाठी. आख्खा क्रोमियम सोबत घेऊन येतं, त्यामुळे रिकामं अ‍ॅपसुद्धा शंभर एमबीच्या घरात जातं आणि ४ जीबी रॅमच्या मशीनवर ते जाणवतं. मोबाईलसाठी तेच वेबपान कपॅसिटर नावाच्या साधनात गुंडाळता येतं. टाउरी कॉम्प्युटरमधलाच वेबव्ह्यू (वेबपान दाखवणारा भाग) वापरतं, म्हणून काही एमबीत भागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २.० पासून त्यात अँड्रॉइड आणि आयफोनही आले. मागची बाजू रस्ट या भाषेत आहे. रस्ट शिकायची तयारी नसेल तर अडचण आली की तिथेच बसून राहाल.

डॉटनेट. आपल्याकडे जुनी कितीतरी स्थानिक सॉफ्टवेअर व्हीबीमध्ये आणि सी-शार्पमध्ये आहेत, त्यामुळे हा रस्ता ओळखीचा वाटतो. मायक्रोसॉफ्टचं अधिकृत साधन म्हणजे माउई: विंडोज, अँड्रॉइड, आयफोन आणि मॅकवर चालतं, लिनक्सवर नाही. अ‍ॅव्हलोनिया हे मुक्त साधन लिनक्सवरही चालतं आणि डब्ल्यूपीएफ (डॉटनेटमधलं विंडोजच्या स्क्रीनचं तंत्र) केलेल्याला लगेच जमतं. कीबोर्डवर चालणाऱ्या ऑफिसच्या स्क्रीनसाठी मला अ‍ॅव्हलोनिया जास्त भरवशाचं वाटतं.

एक सावधगिरी. इंटरनेटवर झामरिनचे (माउईच्या आधीचं साधन) भरपूर धडे अजून सापडतात. त्याचा आधार १ मे २०२४ ला संपला आहे. धडा कितीही छान असला तरी तिथून सुरुवात करू नका.

कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म. अँड्रॉइडचं काम येत असेल तर हीच नैसर्गिक पुढची पायरी. नोव्हेंबर २०२३ मध्ये पक्कं झालं. हिशोबाचा भाग सामाईक ठेवून स्क्रीन वेगळ्या ठेवायच्या, ही दुसऱ्या पायरीतली कल्पना याच्या रचनेतच आहे. स्क्रीनही सामाईक हव्या असतील तर सोबतीला कंपोज मल्टिप्लॅटफॉर्म आहे. कॉम्प्युटरवर ते जावाच्या यंत्रणेवर चालतं, त्यामुळे इन्स्टॉलर थोडा जाड होतो.

क्यूट. १९९५ पासूनचं, सी++ चं, सगळ्यात मुरलेलं. वजनकाटा, सिरीअल पोर्ट, मशीनला जोडलेला टचस्क्रीन अशी कामं असतील तर याला तोड नाही. पायथन येणाऱ्यांसाठी पायसाइड आहे. परवाना मात्र वाचून घ्या. बराच भाग एलजीपीएल या सैल मुक्त परवान्यात मिळतो, पण क्यूट चार्ट्ससारखे काही भाग जीपीएल या कडक मुक्त परवान्यात किंवा व्यावसायिक परवान्यातच आहेत. आलेख सुंदर दिसतो म्हणून तो भाग जोडला की तुमचा स्वतःचा कोडही जीपीएलखाली खुला करण्याची वेळ येऊ शकते.

पायथनवाल्यांचा पुढचा प्रश्न किव्हीचा असतो. शिकायला मजा येते. पण त्याचं अँड्रॉइड पॅकेज बनवणारं बिल्डोझर थेट विंडोजवर चालत नाही, लिनक्स लागतं. गिऱ्हाइकाच्या कामाला मी घेत नाही.

४. मराठीची परीक्षा घ्या

ही पायरी इंग्रजी धड्यांत सापडत नाही, आणि काम शेवटी इथेच अडकतं. निवडलेल्या साधनात एक रिकामी स्क्रीन करून त्यात ही नावं टाका: ज्ञानेश्वर क्षीरसागर, श्रीकृष्ण वऱ्हाडे, लक्ष्मण कऱ्हाडकर, ‘दुसऱ्या ट्रॅक्टरचा हप्ता’, ‘किर्लोस्करवाडी’. मग जवळून बघा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आली का? ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्या’ मधला अर्धा र नीट वळला, की र खाली पाय मोडून उभा आहे? ‘ट्रॅ’ वरचा चंद्र जागेवर आहे का? फ्लटर, क्यूट आणि क्रोमियम हे तिघंही अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरतात, त्यामुळे स्क्रीनवर सहसा अडचण येत नाही. फॉन्ट मात्र गिऱ्हाइकाच्या मशीनच्या भरवशावर सोडू नका, अ‍ॅपसोबतच द्या. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपचा मुक्त हे दोन्ही मुक्त परवान्यात मिळतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली, तर अशी सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. सभासद तक्रार करणार नाही, पण मराठीचे निवृत्त मास्तर संचालक मंडळावर असतील तर ते नक्की करतील.

मग अंक. एजंटाने मराठी कीबोर्डवरून ‘५००’ टाकले तर काय होतं? पायथन आणि जावा त्याचे निमूट पाचशे करून घेतात. डार्ट, जावास्क्रिप्ट आणि सी-शार्प करत नाहीत. कुठे एरर येते, कुठे ‘हा आकडा नाही’ असं उत्तर. उपाय साधा आहे: रकान्यातून मजकूर बाहेर पडतानाच मराठी अंकांचे इंग्रजी अंक करा, मग पुढचं सगळं. उलटी अडचणही येते. मराठी भाषा निवडून रक्कम किंवा तारीख छापायला सांगितली की ‘१,२३,४५६’ असं देवनागरीत, लाखाच्या स्वल्पविरामासकट मिळतं. दाखवायला छान आहे. पण तोच मजकूर डेटाबेसमध्ये किंवा सर्व्हरला गेला तर बेरीज बंद पडते. दाखवायचा आकडा आणि साठवायचा आकडा पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

तिसरी गोष्ट, नावांचा क्रम. एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये बसणारा छोटा डेटाबेस) आपलं आपण नावं युनिकोडच्या क्रमाने लावतं. त्या क्रमात ळ हा ल च्या लगेच नंतर, म्हणजे व च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. आणि ‘ॲड.’ ने सुरू होणारी सगळी वकील मंडळी यादीच्या अगदी तळाला जातात, कारण ॲ चा क्रमांक सगळ्या व्यंजनांनंतरचा आहे. शिवाय ॲ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, दिसतं एकसारखं आणि शोधलं तर सापडत नाही. ‘ऱ’ चेही तसेच दोन अवतार आहेत. त्यावर युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची दोन रूपं एकसारखी करण्याची पद्धत) लागू पडतं, ॲ ला मात्र स्वतः नियम लिहावा लागतो. साठवताना एकसारखं करून साठवा आणि क्रमासाठी आयसीयू या युनिकोडच्या मुक्त लायब्ररीचे मराठी नियम वापरा. साधन निवडताना एवढंच बघा की त्यात आयसीयू सहज जोडता येतं का.

जुना डेटा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल तर आत मराठी नसतेच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. ती एकदाच रूपांतरित करा, आणि नावं संस्थेतल्याच माणसाकडून डोळ्यांखालून घालून घ्या. कन्व्हर्टरवर सोडलंत तर आडनावं बदलतात.

५. प्रिंटर, आणि जोडायची बाकी यंत्रं

ब्लूटूथ पावती प्रिंटरला देवनागरी येत नाही असं धरूनच चाला. त्याच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतात; मराठी पाठवली की कागदावर प्रश्नचिन्हं किंवा चिनी अक्षरं येतात. मराठी मजकूर आधी चित्र म्हणून रंगवायचा आणि ठिपके प्रिंटरला पाठवायचे. ५८ मिलिमीटरच्या नेहमीच्या प्रिंटरवर एका ओळीत ३८४ ठिपके बसतात, ८० च्या प्रिंटरवर ५७६. पूर्ण पावती चित्रात काढली तर छपाई रेंगाळते आणि एजंट वैतागतो. संस्थेचं आणि सभासदाचं नाव चित्रात, उरलेलं, म्हणजे रक्कम, तारीख, खाते क्रमांक, प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये, अशी वाटणी करा.

अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथसाठी वेगळी परवानगी विचारावी लागते, त्याआधीच्या आवृत्त्यांत शोधासाठी लोकेशनची लागायची. ब्लूटूथचं पॅकेज निवडताना ते दोन्ही सांभाळतं का हे बघा, आणि शेवटचं अपडेट कधी झालं तेही. आयफोनवर हे साधे ब्लूटूथ प्रिंटर चालत नाहीत. ब्लूटूथ लो एनर्जीवाला किंवा अ‍ॅपलने मान्य केलेला प्रिंटरच लागतो.

ऑफिसात पासबुक. डॉट मॅट्रिक्सवर मिलिमीटर मोजून ओळ बसवावी लागते, आणि कालच्या शेवटच्या ओळीच्या खालून आज सुरू करावं लागतं. ब्राउझर मधे स्वतःचा समास घालतो, पान स्वतःच्या मर्जीने लहानमोठं करतो. म्हणून पासबुक असेल तर काउंटरवर खरं विंडोज अ‍ॅप हवं, किंवा ब्राउझरच्या जोडीला छपाईपुरता छोटा प्रोग्रॅम.

पीडीएफ अहवालांचीही याच वेळी चाचणी घ्या. स्क्रीनवर सुंदर दिसणारं ‘क्षीरसागर’ पीडीएफमध्ये तुटलेलं निघतं, कारण पीडीएफ बनवणाऱ्या कित्येक पॅकेजेसना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. तसं झालं तर अहवाल एचटीएमएलमध्ये बनवून वेबव्ह्यूकडून पीडीएफ करून घ्या.

बारकोड स्कॅनर मात्र बिनत्रासाचा. यूएसबीचा स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतो.

६. दोन साधनं, एक नमुना

इतकं झाल्यावर दोनच नावं उरायला हवीत. दोन्हींमध्ये एकच छोटा नमुना करा: पाच हजार खात्यांची यादी, मराठी नावाने शोध, रक्कम, एसक्यूलाइटमध्ये नोंद, पावतीची छपाई. एका साधनाला एका शनिवार-रविवारपेक्षा जास्त वेळ देऊ नका. तेवढ्यात नमुना उभा राहिला नाही, तर तेच तुमचं उत्तर.

नमुना स्वतःच्या लॅपटॉपवर तपासू नका. सगळ्यात जुना मोबाईल असलेला एजंट शोधा, त्याच्या फोनवर विमान मोड लावून चालवा. यादी सरकवताना अडखळते का, रेंज नसताना नोंद टिकते का, फोन बंद करून चालू केल्यावर पावतीचा क्रमांक पुढे जातो की परत पहिल्यावर येतो? आणि क्लार्कला काउंटरवर बसवून, काही न सांगता, एक खातं उघडायला लावा. त्याचा हात किती वेळा माउसकडे जातो ते बघा.

ऑफिसात दोन कॉम्प्युटर असतील तर एसक्यूलाइटची फाइल नेटवर्कच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवण्याचा मोह होईल. ठेवू नका. नेटवर्क फोल्डरवर फाइलची कुलपं भरवशाने लागत नाहीत आणि डेटा बिघडू शकतो, असं एसक्यूलाइटवालेच सांगतात. तिथे पोस्टग्रेससारखा डेटाबेस सर्व्हर बसवा.

७. साधनं बसवताना

तुमच्या स्वतःच्या मशीनला १६ जीबी रॅम आणि एसएसडी हवी. अँड्रॉइड स्टुडिओ आणि व्हिज्युअल स्टुडिओ मिळून डिस्कवरचे कितीतरी जीबी सहज खातात. क्रम फ्लटरचा देतो. बाकी साधनांचे खड्डे साधारण हेच.

विंडोजच्या युजरचं नाव देवनागरीत असेल किंवा त्यात जागा सोडलेली असेल, तर आधी इंग्रजी नावाचा नवा युजर करा. अँड्रॉइडची बांधणी मराठी नावाच्या फोल्डरवर अडते, आणि एरर वाचून कारण लक्षात येईलच असं नाही. प्रोजेक्ट वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येही नको. मग गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन). मग फ्लटर, थेट सी ड्राइव्हवर छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये नाही, तिथे परवानग्या आडव्या येतात. मग अँड्रॉइड स्टुडिओ. त्याच्या एसडीके मॅनेजरमध्ये ‘कमांड-लाइन टूल्स’ची चौकट खूण न करता राहते, ती करा.

विंडोजच्या बांधणीसाठी व्हिज्युअल स्टुडिओ लागतो. व्हीएस कोड वेगळा, तो फक्त लिहिण्यासाठी. इन्स्टॉल करताना सी++ मधल्या डेस्कटॉप कामाचा गठ्ठा निवडा. विंडोजच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड सुरू करा, नाहीतर प्लगइन जोडल्यावर बांधणी थांबते. शेवटी ‘फ्लटर डॉक्टर’ ही तपासणीची कमांड चालवा आणि प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण येईपर्यंत पुढे जाऊ नका.

एमुलेटरच्या (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनच्या) मागे लागू नका, खरा फोन वापरा. सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी, मग यूएसबी डिबगिंग सुरू. शाओमीच्या फोनवर ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ वेगळं सुरू करावं लागतं, त्यासाठी त्यांचं खातं आणि सिम मागतात. आणि फोन दिसतच नसेल तर ड्रायव्हर शोधण्याआधी केबल बदला; बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात.

८. खाती, कागदपत्रं, खर्च

प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलला दर वर्षी ९९ डॉलर. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा.

आता मोठा खड्डा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ लोकांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. संस्थेच्या खात्याला ही अट नाही. शिवाय आर्थिक सेवांच्या अ‍ॅपसाठी गूगल संस्थेचंच खातं मागतं. म्हणून पतसंस्थेचं अ‍ॅप स्वतःच्या नावावर टाकायच्या फंदात पडू नका, संस्थेच्या नावानेच खातं उघडा. लागेल ते:

- संस्थेचा नोंदणी दाखला, पॅन आणि पत्त्याचा पुरावा
- डन अँड ब्रॅडस्ट्रीटकडून मिळणारा डन्स क्रमांक (तो मोफत मिळतो, पण दिवस लागतात, कामाच्या सुरुवातीलाच अर्ज करा)
- अधिकृत व्यक्तीचं ओळखपत्र
- संस्थेची वेबसाइट आणि तिच्या नावाचा ईमेल
- गोपनीयता धोरणाचं पान

नाव सगळीकडे अक्षरशः सारखं असू द्या. दाखल्यावर ‘मर्यादित’, पॅनवर ‘मर्या.’ आणि डन्समध्ये ‘लि.’ असं असलं की पडताळणी परत येते.

विंडोजच्या इन्स्टॉलरवर डिजिटल सही नसेल तर विंडोजचा स्मार्टस्क्रीन निळी पाटी दाखवून घाबरवतो. दहा कॉम्प्युटरांपुरतं काम असेल तर तुम्ही स्वतः जाऊन बसवा, सहीच्या प्रमाणपत्राचा खर्च टाळा. गावोगाव द्यायचं असेल तर घ्यावंच लागेल; जून २०२३ पासून त्याची किल्ली यूएसबी टोकनसारख्या हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, म्हणून कुरिअरचा वेळ धरा.

व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती एकट्या माणसाला व्यावसायिक कामालाही फुकट आहे.

अँड्रॉइडची सही करणारी किल्ली आणि तिचा पासवर्ड दोन वेगळ्या जागी ठेवा, आणि गिटमध्ये टाकू नका. प्ले स्टोअरवरून देत असाल तर अपलोडची किल्ली हरवल्यास गूगलकडून बदलून मिळते. एपीके (इन्स्टॉल करायची फाइल) थेट वाटत असाल आणि किल्ली गेली, तर जुन्या अ‍ॅपवर अपडेट चढतच नाही. ते काढून नवं टाकावं लागतं, आणि काढताना एजंटाच्या फोनमधल्या न पाठवलेल्या नोंदीही जातात.

९. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) ठरवताना

साधनं स्वस्थ बसत नाहीत. प्ले स्टोअर दर वर्षी अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीसाठी अ‍ॅप बांधायला लावतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अ‍ॅप आणि अपडेटसाठी अँड्रॉइड १५ ची अट आली. त्यामुळे ‘एकदा करून दिलं, संपलं’ असं होत नाही. वर्षातून एकदा साधनं वर चढवणं, बांधणी करणं आणि चौथ्या-पाचव्या पायरीतली चाचणी पुन्हा घेणं, हे एएमसीच्या कागदावर स्वतंत्र ओळ म्हणून लिहा आणि त्याचा दर लावा.

मधल्या काळात साधनांच्या आवृत्त्या गोठवून ठेवा. फ्लटर, ग्रेडल (अँड्रॉइडची बांधणी करणारं साधन), प्रत्येक पॅकेज, सगळ्यांचे क्रमांक एका फाइलमध्ये लिहून गिटमध्ये ठेवा. मार्चअखेरीला, संस्थेचं ऑडिट चालू असताना, ‘अपडेट उपलब्ध आहे’ या पाटीवर क्लिक करू नका. आणि एएमसीवर सही होईल त्याच दिवशी प्ले खात्याचा मालकी ईमेल, डन्स क्रमांक आणि किल्लीची एक प्रत संस्थेच्या सचिवांकडे पाकिटात देऊन पोच घ्या.